पहिला कोण आला ते उद्या सकाळी सांगा

इंदूरला रविवारी सकाळी आमचा कट्टा जमतो. पोहे, वर सेव, बाजूला जलेबी, मग चहा, मग परत चहा. सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे, निम्मे अजून रामबागेत आणि निम्मे सुदामा नगरला सरकलेले. २०२५ ला अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती झाली तेव्हापासून प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी भव्य करायचं घोळतंय, आणि परवा एकानं ते बाहेर काढलंच. म्हणाला ३१ मे ला, बरोब्बर जयंतीच्या दिवशी, राजवाड्यासमोरून घोडे सोडायचे, महू, मग जाम दरवाजा, मग घाट उतरून मंडलेश्वर, आणि महेश्वरच्या घाटावर जो पहिला पोचेल त्याला चांगलं घसघशीत बक्षीस. नव्वदेक किलोमीटर. ड्रोनने शूटिंग. ढोल-ताशे. सगळ्यांच्या अंगावर काटा आला, खरं सांगतो, माझ्याही आला, कारण होळकरांच्या इंदूरात आपण राहतो आणि घोडा दिसतो तो फक्त वरातीत, ही गोष्ट मलापण टोचते.

मी फक्त एवढंच विचारलं की भिया, मे एंडला? दुपारी बारा वाजता हा घोडा कुठे असेल?

झालं. "हा नेहमी मोडता घालतो." "तुम्ही लोकं एसीत बसून इतिहास करता." वगैरे वगैरे. तिथे नीट बोलता आलं नाही, पोह्यांच्या प्लेटी हातात असताना वाद घालणं अवघड असतं, म्हणून इथे लिहितोय. आणि आधीच सांगून टाकतो, मी लांब पल्ल्याच्या घोडदौडीच्या विरोधात नाहीये. मी स्वतः बरीच वर्षं घोड्यावर बसलोय, अजूनही दोन-तीन ठिकाणी थंडीच्या दिवसांत अशा राईड होतात तिथे वही-पेन घेऊन टाईम लिहायला जातो. माझं म्हणणं इतकंच की अशा शर्यतीत घोडा जिवंत राहतो का मरतो हे मालकाच्या प्रेमावर ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं. बक्षीस कशाला ठेवलंय, आणि "बस, आता थांबा" हे म्हणायचा अधिकार कोणाला आहे. बाकी सगळं, म्हणजे आमचा घोडा आमच्या पोरासारखा आहे आणि आम्ही त्याला बदाम खिलवतो वगैरे, ते खरं असेल पण त्याचा उपयोग नाही. पोरासारखा घोडा मीच एकदा मारायला निघालो होतो.

ती गोष्ट सांगतो. वीसेक वर्षं झाली. एका मित्राची काठियावाडी घोडी होती, कबरी, कान असे वर टोकाला एकमेकांना भिडणारे, आणि चालायला इतकी हौशी की लगाम धरून धरून आपले खांदे दुखावेत. मार्चचा शेवट होता. ठरवलं की चाळीस किलोमीटरची प्रॅक्टिस करायची, देपालपूरच्या बाजूला जाऊन परत. बरोबर जीपमध्ये साईस होता, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, वयस्कर माणूस, आयुष्य पागेत गेलेलं. वीस किलोमीटरवर थांबलो, बादली पुढे केली, घोडीनं नाक बुडवलं, फुरफुर केलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं पीत नाही म्हणजे तहान नाही, चला. साईस म्हणाला, "थोडा रुक जाओ बाबूजी, पसीना देखो इसका." मी पाह्यलं, घाम होता, घोड्याला घाम येणारच ना, त्यात काय पाह्यचं. निघालो. घोडी पळत होती, कान पुढे, काही तक्रार नाही. घरी आल्यावर मात्र तिनं चंदीला तोंड लावलं नाही. उभी राह्यली मान खाली करून. आणि साईसनं मला बोलावून तिच्या कुशीवर माझा हात ठेवला आणि म्हणाला, "इसकी कोख धड़क रही है." उचकी लागल्यासारखी कूस उडत होती, ठक, ठक, ठक, आणि दुसरा हात छातीवर ठेवला तर तिचं हृदय बरोब्बर त्याच ठेक्यावर. तो स्पर्श मी विसरू शकत नाही. डॉक्टर यायला दोन तास लागले, शिरेतून कॅल्शियम दिलं हळूहळू, रात्री अकराच्या सुमारास घोडी पाणी प्यायली आणि लीद टाकली आणि आम्ही तिथेच गवतावर बसून पडलो.

नंतर डॉक्टरनं जे समजावलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या घामात मीठ असतं पण रक्तापेक्षा कमी, म्हणून आपण घामेजलो की आत उरलेलं रक्त खारट होतं, आणि मेंदूला निरोप जातो की पाणी हवं. घोड्याचा घाम रक्ताइतकाच खारट, कधी त्याहून जास्त. म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही एकदम बाहेर जातात, आत जे उरतं त्याचा खारटपणा फारसा बदलत नाही, आणि घोड्याला कळतच नाही की तो वाळतोय. गरमीत मेहनत करणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळतो. पंधरा लिटर म्हणजे एक बादली, भरून. आणि तरी तो तुमच्या बादलीत नाक बुडवून तोंड फिरवणार. ती कुशीची उचकीपण तीच, छातीचा पडदा हलवणारी नस हृदयाला लागून जाते, रक्तातलं कॅल्शियम आणि बाकीचे क्षार घसरले की ती नस इतकी हळवी होते की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पडदापण उडतो. म्हणून घोड्याला नुसतं पाणी दाखवून भागत नाही, मीठ द्यावं लागतं वेळेवर, ओला चारा द्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे थांबावं लागतं.

आता यात गंमत बघा. घोडी मला काही बोलली नाही. ती बोलूच शकत नव्हती, म्हणजे माणसासारखी भाषा नाही एवढंच नाही, तिच्या स्वतःच्या अंगालाच वेळेवर कळलं नव्हतं. त्यातून घोडा हा शिकारीचा प्राणी, म्हणजे ज्याची शिकार होते तो, कळपात मागे पडलेला वाघाच्या तोंडी जातो, त्यामुळे दुखतंय हे लपवणं त्याच्या रक्तात आहे. "घोड्याला नको असेल तर तो थांबेल की" असं जो म्हणतो त्यानं घोडा फक्त पुतळ्यात पाह्यलाय. ज्यानं ओळखलं तो साईस होता, आणि साईसचं ऐकायची मला गरज वाटली नाही कारण घोडीवर मी बसलो होतो आणि पगार तो घेत होता.

हे सगळं जगात काही नवीन नाहीये. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५५ पासून टेव्हिस कप म्हणून राईड होते, शंभर मैल, म्हणजे एकशे साठ किलोमीटर, डोंगरातून, चोवीस तासांच्या आत. तिथे जो कोणी चोवीस तासांत धड घोडा घेऊन पोचतो त्या प्रत्येकाला चांदीचं बकल मिळतं. पहिला आला त्यालाही तेच आणि पहाटे पाचच्या आधी धापा टाकत आला त्यालाही तेच. आणि लोकांना ज्याचं जास्त अप्रूप असतं तो हॅगिन कप पहिल्या दहा घोड्यांतल्या सगळ्यात धडधाकट घोड्याला देतात, आणि तो ठरतो दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर उभा राहिल्यावर घोडा कसा चालतोय, पाय सुजलेत का, खातोय का, पाठीला खोगीर लागलंय का, हे सगळं बघून. अमेरिकेतल्या अशा राईड घेणाऱ्या संघटनेचं ब्रीदच आहे की पोचणं म्हणजेच जिंकणं. आता विचार करा, बक्षीस दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार असेल तर शेवटच्या दहा किलोमीटरला कोण चाबूक मारेल?

आणि याच्या उलटं उदाहरण वाळवंटातलं. आखातात सपाट रेतीवर ट्रॅक, मोठमोठी बक्षिसं, मागे गाड्यांचा ताफा, खिडकीतून पाण्याच्या बाटल्या पुढे करणारी माणसं, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरला सरासरी ताशी पंचवीस-तीसचा वेग. म्हणजे सहनशक्तीची परीक्षा राह्यली नाही, रेसकोर्सची शर्यत लांबवली फक्त. हाडांना इतका वेळ इतक्या वेगाचे दणके सहन होत नाहीत. २०१५ च्या सुरुवातीला तिथल्या एका शर्यतीतला स्प्लिटर्स क्रीक बंडी नावाचा घोडा, दोन्ही पुढचे पाय मोडलेला, त्याचा फोटो जगभर गेला आणि मार्चमध्ये एफईआयनं, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, संयुक्त अरब अमिरातीच्या फेडरेशनला निलंबित केलं. जुलैमध्ये परत घेतलं. २०२० ला परत निलंबित केलं. तिथे घोड्यांवर प्रेम कमी आहे का? अरबांचं घोड्यावरचं प्रेम आपल्याला कोणी शिकवायला नको. डॉक्टर, दवाखाने, मशिनी, आपल्याकडे कधी येणार नाहीत इतक्या. फक्त बक्षीस वेगाला होतं. आणि तिथल्याच बुधैबच्या राईडींमध्ये हेच लोक, हेच घोडे, हीच रेती, पण वेगाला ताशी वीसची मर्यादा घातली, नाडीची अट कडक करून मिनिटाला छप्पन ठोक्यांवर आणली, बक्षीस घोड्याच्या तब्येतीला ठेवलं. म्हणून मी म्हणतो की माणसं बदलायची गरज नाही, बक्षिसाचा फॉर्म्युला बदला.

नाडीचं थोडं सांगतो, कारण कट्ट्यावर कोणाला हे माहीतच नव्हतं. अशा राईडमध्ये सलग पळत नाहीत. तीस-चाळीस किलोमीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला व्हेट गेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची तपासणी. तुम्ही आत आलात की घड्याळ सुरू. मोठ्या स्पर्धांमध्ये पंधरा मिनिटांच्या आत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्टवर किंवा खाली यायला पाह्यजेत. निवांत उभ्या घोड्याचे तीस-चाळीस असतात, पळताना दीडशे-दोनशे, तर ज्याच्यात दम शिल्लक आहे त्याचे झपाट्यानं उतरतात, ज्याचा संपलाय किंवा ज्याला कुठे दुखतंय त्याचे सत्तरवर अडकून बसतात. मग डॉक्टर हिरड्यांचा रंग बघतो, अंगठा दाबून सोडला की गुलाबी रंग किती वेळात परत येतो ते बघतो, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो, पोटाला दोन्हीकडून स्टेथोस्कोप लावून आतडी बोलतायत का ऐकतो. आतडी गप्प असणं ही फार वाईट खूण, कारण घोड्याला ओकता येत नाही, जे काही बिघडतं ते पोटातच बिघडतं आणि पोटशूळ होऊन घोडा जातो. मग सैल दोरीवर चाळीसेक मीटर दुडकत नेऊन आणतात, लंगडतोय का बघायला, आणि मिनिटभरानं परत ठोके मोजतात. आधीपेक्षा वाढले असतील तर डॉक्टरच्या कपाळावर आठी.

असं एका राईडला मी वही धरून उभा होतो, डिसेंबर होता, राजस्थानात, थंडी मस्त. एक पोरगं, पंचवीसचं असेल, मारवाडी घोडा घेऊन आलं. सगळ्यात पुढे तेच होतं. डॉक्टरीणबाईंनी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला, मी घड्याळाकडे बघतोय, पंधरा सेकंद. सतरा, म्हणाल्या. सतरा चोक अडुसष्ट. एक ठोका जास्त. पंधरा सेकंदांत एक! पोरगं म्हणालं मॅडम परत मोजा, तो बाजूच्या घोड्याला बघून बिचकला. चार मिनिटं शिल्लक होती, नेलं, पाणी ओतलं, परत आणलं. परत सतरा. बाहेर. पोराचे डोळे भरून आले, मालक तिथेच उभा होता, मोठा माणूस, त्याच्या जमिनीवरून निम्मा ट्रॅक गेला होता, आणि तो बाईंना म्हणाला एवढ्यानं काय होतंय, घोडा तर बघा उड्या मारतोय. बाईंनी वर पाह्यलं नाही. कार्डावर लिहिलं, माझ्याकडे दिलं, "नेक्स्ट."

मला तेव्हा एकच विचार आला की या बाईंचे पैसे या मालकाच्या खिशातून येत असते तर त्यांना सोळा ऐकू आले असते का? मी त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाहीये, मी माणसाबद्दल बोलतोय. सोळा आणि सतरामध्ये कान कुठेही झुकू शकतो. म्हणून डॉक्टर हा आयोजकानं आणलेला, आयोजकाच्या घरी जेवलेला, आयोजकाच्या मेव्हण्याच्या घोड्याचा रोजचा डॉक्टर असा असता कामा नये. आपल्याकडे तर सोय आहे, महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, ते पण बरोब्बर रस्त्यात. त्यांच्याशी बोला, त्यांना पूर्ण अधिकार लेखी द्या, फी आधी भरून टाका म्हणजे निकालाशी तिचा संबंध राहणार नाही, आणि डॉक्टरच्या निर्णयावर अपील नाही हे फॉर्मवर पहिल्या ओळीत छापा.

आणि साईस. हे कुठल्या नियमात मी पाह्यलेलं नाही, माझं स्वतःचं म्हणणं आहे, हसलात तरी चालेल. प्रत्येक घोड्याच्या साईसला डॉक्टरनं एकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, कसा वाटतोय तुला हा? मालकासमोर तो बोलणार नाही, त्याची नोकरी आहे. पण घोडा रोज किती लीद टाकतो, पाणी पिताना कान कसे करतो, कुठल्या पायावर वजन टाकून झोपतो हे त्या माणसाला माहीत असतं आणि स्टेथोस्कोपला माहीत नसतं. त्यानं "नको" म्हटलं तर डॉक्टरनं दुसऱ्यांदा तपासायचं, आणि कोणी सांगितलं हे बाहेर पडता कामा नये. इतकंच.

आता ३१ मे. आपल्याच देशात १९६५ चे नियम आहेत, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेले, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखाली. त्यात लिहिलंय की जनावराला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. काटेरी लगामाला बंदी आहे. तट्टूच्या पाठीवर ७० किलोच्या वर ओझं नको असंही आहे, हे वाचून मी कट्ट्यावरच्या मंडळींकडे एकदा नजर फिरवली, असो. हे नियम शर्यतीला लागतात का नाही हे वकिलांनी बघावं. मला फक्त एवढं दिसतं की साठ वर्षांपूर्वी टांग्याच्या घोड्यासाठी सरकारला जे सुचलं ते आपल्याला अहिल्याबाईंच्या नावावर घोडे पळवताना सुचू नये? इंदूरात मेच्या शेवटी पारा चाळिशीच्या वर असतो. नव्वद किलोमीटर, ताशी दहानं धरलं तरी नऊ तास, वर थांबे. पहाटे चारला सोडलेत तरी बारा ते तीनमध्ये घोडा जामच्या घाटात किंवा खाली निमाडात सापडणार, आणि निमाडची दुपार म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. उष्णतेपुढे जगातल्या मोठमोठ्या लोकांचं चाललं नाही. २०१८ ला अमेरिकेत ट्रायनला वर्ल्ड इक्वेस्ट्रियन गेम्समध्ये एंड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याची, शर्यत उकाडा आणि दमटपणामुळे मध्येच रद्द करावी लागली, पन्नासच्या वर घोड्यांवर उपचार करावे लागले आणि एक घोडा शेवटी दगावलाच. तिथे जगातले उत्तम डॉक्टर हजर होते.

इथे एक गैरसमज पण काढून टाकतो, तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, पोटात कळ येते, स्नायू आखडतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी यावर खूप काम झालं, आणि तिथे घोड्यांसाठी फवाऱ्याचे पंखे लावले, गार पाणी ओतलं, काही आखडलं नाही. ओता, भरपूर ओता, थांबू नका. आणि प्यायला पण द्या, गरम घोड्याला पाणी देऊ नका म्हणणारा म्हातारा प्रत्येक गावात एक असतो, त्याला चहा द्या आणि बसवा.

तर जयंती कितीही मोठी असली तरी ती मेमध्ये येते आणि घोड्याला जयंती कळत नाही. जानेवारीत करा. नाव त्यांचंच द्या ना, कोण अडवतंय. मालव्यातल्या जानेवारीची पहाट, धुकं, गव्हाची शेतं, शब-ए-मालवा म्हणून जिचं कौतुक होतं ती रात्र नुकती सरलेली, याच्यापेक्षा ड्रोनला आणखी काय पाह्यजे. शिवाय उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, मनगट जाईल इतक्या, त्यात टाप अडकली तर पाय गेला. आणि डांबरी रस्ता नको, राऊपासून पुढे ट्रकांची रांग असते हे एक, आणि नाल मारलेला घोडा डांबरावर घसरतो, प्रत्येक पावलाचा दणका सरळ हाडाला. गाडीवाटा शोधाव्या लागतील, गावोगाव बोलावं लागेल, वेळ लागेल, लागू दे. घाट उतरताना तर सरळ खाली उतरा आणि घोड्याच्या बाजूनं चाला, चारेकशे मीटरचा उतार आहे, सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. स्वार चालला तर कमीपणा येत नाही. पहिल्या वर्षी तर नव्वद पण नको, चाळीस करा, आणि सरासरी ताशी सोळाच्या वर जाणारा बाद. आंतरराष्ट्रीय नियमांतही नवख्यांना सोळाचीच मर्यादा असते. हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला वर्षं लागतात, दम मात्र दोन-तीन महिन्यांत येतो, आणि हाच धोका, घोडा पळायला तयार दिसतो पण पाय तयार नसतात.

शर्यत सुचवणाऱ्या मित्राचा मोठा मुद्दा इतिहासाचा होता. १८०४ ला यशवंतराव होळकरांनी इंग्रजांच्या मॉन्सनच्या पलटणी मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत भर पावसात पिटाळल्या, तेव्हा कुठे होते तुमचे व्हेट गेट? बरोबर आहे. पण ती लढाई होती, मागे राज्य पणाला लागलं होतं, आणि तेव्हाही ज्याला परवडायचं तो स्वार कोतल घोडा बरोबर ठेवायचा, एक दमला की दुसऱ्यावर. आपण मजल दरमजल म्हणतो ना, त्यात मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल, मुक्कामापासून मुक्कामापर्यंत. म्हणजे थांबणं त्या शब्दातच आहे. चंदी, खरारा, तोबरा, नालबंद, मोतद्दार, किती शब्द आहेत आपल्या भाषेत घोड्याच्या देखभालीचे, ते काही हौस म्हणून झाले नाहीत. घोडा मेला की स्वार पायदळात, हे प्रत्येक शिलेदाराला माहीत होतं. आपल्यासाठी घोडा मेला तर काय होतं? फार तर एक रील व्हायरल होते आणि चार दिवस फोन बंद ठेवावा लागतो.

दुसऱ्या बाजूला असे पण आहेत, माझी स्वतःची पुतणी त्यातली, जी म्हणते काका हे सगळं बंदच करा, जनावराच्या पाठीवर बसायचा हक्कच कोणी दिला. तिच्याशी मी पूर्ण भांडत नाही, तिचा राग खरा आहे. पण बंदी-बंदीचा खेळ आपण महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीत बघितलाय. मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केल्या, मग राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ ला परत परवानगी, मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. आणि मधल्या सात-आठ वर्षांत शर्यती काय थांबल्या होत्या का? पहाटे माळावर व्हायच्या, पोलीस येईपर्यंत, आणि तिथे डॉक्टर तर सोडाच, कोणी मोबाईलसुद्धा वर काढू द्यायचं नाही. आता निदान कागदावर अटी आहेत, अर्ज आहे, जबाबदार माणसाचं नाव आहे. त्या पाळल्या जातात का हा वेगळा राग आहे आणि तो करत राह्यलाच पाह्यजे. पण चोरून होणाऱ्या गोष्टीत जनावराला कोणी वाली नसतो. आणि पुतणीला मी हेपण म्हटलं की बाळ, तू परवा ज्या लग्नात नाचलीस तिथली घोडी डीजेच्या भिंतीसमोर आणि जनरेटरच्या धुरात चार तास उभी होती, तिचे ठोके कोणी मोजले? ती म्हणाली ते पण बंद करा. बरं, निदान ती दोन्हीकडे सारखी बोलते, कट्ट्यावर ते पण नाही.

तर मंडळींना शेवटी मी एवढं पटवलंय की जानेवारी, चाळीस किलोमीटर, महूपर्यंतच, दोन व्हेट गेट. पोचेल त्या प्रत्येकाला सारखं पदक आणि मोठं बक्षीस दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात धड घोड्याला, यावर अजून गाडं अडलंय, कारण जो पैसे देणार आहे तो म्हणतो मग फोटो कोणाबरोबर काढायचा, संध्याकाळी पाहुणे येणार, निकाल सकाळी काय लावता. त्याला म्हटलं पाहुण्यांना मुक्कामाला ठेवा. ज्याचा घोडा थांबवला त्याचं नाव पण स्टेजवरून घ्या, त्याला पण फेटा बांधा, म्हणजे पुढच्या वेळी थांबायची लाज वाटणार नाही. यावर एकजण म्हणाला की मग सगळेच थांबतील. थांबू देत की.

काल मी त्या जुन्या साईसला फोन केला. ऐंशीच्या पुढे आहे आता, मुलाकडे असतो देपालपूरला, ऐकायला कमी येतं. त्याला सगळा प्लॅन जोरजोरात सांगितला, जानेवारी, चाळीस किलोमीटर, महूचे डॉक्टर, मीठ, पाणी, गाडीवाट, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "और वापस कैसे लाओगे?"

इतके रविवार बोललो आम्ही, पण परतीच्या ट्रकचा विषय एकदाही निघाला नव्हता. चाळीस किलोमीटर पळालेला घोडा, घाम वाळलेला, त्याच संध्याकाळी फळ्यांच्या ट्रकमध्ये चढवून, प्रत्येक ब्रेकला चारी पायांवर तोल सांभाळत एबी रोडनं परत. पोटशूळ व्हायला आणखी काय लागतं? म्हणजे रात्रभर महूलाच पागा लावावी लागणार, चारा, पाणी, बिछायतीला भुसा, राखणीला माणसं, आणि त्याचा खर्च आमच्या बजेटमध्ये कुठेच नाहीये. रविवारी पहिला विषय तोच काढतोय.